ताईला पुस्तक देऊ नकोस, तिच्याकडे माग

पत्र: नमस्कार मावशी, माझी ताई 47 वर्षांची, हायस्कूलला मराठी शिकवते. गेल्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो झाल्या, सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं आणि दोन महिन्यांपूर्वी परत निघालं. परत किमो सुरू आहेत. ती पहिल्यापासून वाचणारी, म्हणून मी ऑनलाइन तीन पुस्तकं मागवली, सकारात्मक विचार, मनाची ताकद वगैरे. तिने पाठपोट बघितली आणि म्हणाली, मला आता होमवर्क नको देऊ. तेव्हापासून तुटक बोलते. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. प्रेम, आशा असं काही खरंखुरं सांगणारं एखादं पुस्तक सुचवाल का? दाजी म्हणतात पुस्तकं कसली देतेस, पाकीट दे, बिलं भरायचीत. आणि ती कधीतरी रात्री विचारते, मी बरी होईन ना गं, तेव्हा मी काय बोलू? आईवडील नाहीत, ताईनेच मला शिकवून मोठं केलंय. – धाकटी, इचलकरंजी

अगं धाकटे,

पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगू का, त्या 'होमवर्क'ला मला हसूच आलं. बाई किमोच्या खुर्चीत बसलीये पण आतली मास्तरीण टक्क जागी आहे. म्हणजे तू जेवढी घाबरलीयस तेवढं काही बिघडलेलं नाही, ती रुसलीये तुझ्यावर, आणि रुसायला जवळचं माणूस लागतं.

मी 27 वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर बसले. घरात आजारपण आलं की लोक हमखास यायचे, बाई काहीतरी उभारी देणारं द्या हो म्हणायचे, आणि मीपण द्यायचे काढून. मग माझ्याच घरात पाळी आली. आमच्या ह्यांची बायपास झाली तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी सफरचंदं आणली, शहाळी आणली आणि 11 पुस्तकं आणली, त्यातल्या चार तर एकाच पुस्तकाच्या प्रती, विषय काय तर हृदयविकार कसा टाळावा! आता बायपास झालेल्या माणसाला ते पुस्तक देणं म्हणजे अक्षता पडल्यावर स्थळं दाखवायला नेण्यासारखं आहे. ह्यांनी एकही उघडलं नाही, नुसते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्यांना उठवून बसवलं कशाने ते ऐक. सोसायटीचे सेक्रेटरी एका संध्याकाळी जमाखर्चाची वही घेऊन आले, म्हणाले 340 रुपयांचा फरक येतोय, आम्हा तिघांना सापडत नाहीये, तुमची बँकेतली नजर आहे, बघता का जरा. मी मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घातल्या, की अहो टाके ओले आहेत अजून. पण हे उशीला टेकून बसले, चष्मा मागितला, पेन्सिल मागितली, आणि दोन दिवस त्या वहीत डोकं घालून तिसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली, सापडलं गं, पाणीपट्टीची पावती दोनदा लिहिलीये ह्या गाढवांनी. दीड महिन्यात पहिल्यांदा आवाज चढला होता त्यांचा.

मला तेव्हा कळलं की आजारी माणसाला सगळे देत सुटतात आणि घेता घेताच ते माणूस खचतं. मिंधेपणा म्हणतो ना आपण, तो. कुणी डबा देतंय, कुणी गाडी देतंय, कुणी देवाचा अंगारा देतंय, आणि तिने प्रत्येकाला 'थँक्यू, खूप करताय हो' म्हणायचं. तुझी ताई तर मोठी आहे गं, आयुष्यभर द्यायची सवय तिला. तुझी फी भरली, तुझी दप्तरं भरली, आणि आज धाकटीकडून मन खंबीर कसं ठेवावं ते शिकायचं? मीसुद्धा रुसले असते.

ह्या विषयावर एक जुनं आणि जगभर गाजलेलं पुस्तक आहे, मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाचं, 1925 चं, पार पॅसिफिकमधल्या बेटांपासून कुठून कुठून लोकांच्या देण्याघेण्याच्या रीती त्याने गोळा केल्या आणि म्हणाला की भेट कधीच फुकट नसते, तिच्यात तीन बंधनं असतात, देण्याचं, घेण्याचं आणि परत करण्याचं, आणि जी परत करता येत नाही ती घेणाऱ्याला खाली बघायला लावते. आपल्याकडे हे सांगायला फ्रेंच माणूस कशाला पाहिजे म्हणा, माझ्या आईची आहेराची वहीच होती, लाल कापडी पाठीची, त्यात कुणाकडून पातळ, कुणाकडून स्टीलचा डबा, कुणाकडून 11 रुपये अशी नोंद, आणि त्यांच्याकडचं कार्य निघालं की आधी ती वही निघायची. आपण हसायचो त्या वहीला. पण त्यात एक मान होता बघ, की आम्हीही परत करणारी माणसं आहोत. ताईच्या वहीत सध्या नुसती जमेची बाजू भरतेय आणि खर्चाच्या बाजूला एक ओळ नाही.

तर वाढदिवसाला तू तिला पुस्तक देऊ नकोस, तिच्याकडे माग.

म्हणजे काय, तर तिच्याकडे जा आणि सरळ म्हण, ताई, तू आठवी-नववीला शिकवताना मुलांपुढे जे हमखास वाचायचीस त्यातलं एक मला दे, तुझीच प्रत पाहिजे, खुणा केलेली. नवीन प्रत नको, ती मला कुठेही मिळेल. मराठीच्या बाईंकडे अशी दोन-तीन तरी पुस्तकं असतातच, कव्हर सुटलेलं, समासात पेन्सिलने बारीक लिहिलेलं, मध्ये कधीचं तरी एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं. ते शोधायला सांग तिला. कपाटातून काढायचं काम भाच्याकडून करून घे, कारण काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम जड उचलू नये, शिवाय जुन्या पुस्तकाची धूळ, आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना तिने ती झटकत बसायला नको. पण कुठलं काढायचं ते तिने पलंगावरून सांगायचं. 'वरून दुसरा कप्पा, निळं, नाही रे ते नाही, त्याच्या शेजारचं' – हे म्हणायला मिळणं हीच निम्मी भेट आहे.

मी पैज लावते, साने गुरुजी निघतील. 'श्यामची आई' म्हटलं की लोक नुसतं रडणं आठवतात, पण तुला त्यातला कोट आठवतोय का? श्याम दापोलीला शिकायला असतो, खाऊचे पैसे साठवतो आणि गणपतीला घरी पालगडला जाताना धाकट्या भावाला नवा कोट शिवून नेतो. आणि आई त्याला काय म्हणते, तर तू वयाने, पैशाने, शिक्षणाने नाही पण मनाने मोठा झालास. मोठं भावंड देतं आणि देता देता मोठं होतं. तुमच्या घरात तो कोट ताईने शिवलाय ना? नाशिकच्या तुरुंगात बसून 1933 च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून काढलं हे सगळं त्या माणसाने. तुरुंगात त्याच्याकडे देण्यासारखं दुसरं होतं काय?

आता एक धोका आधीच सांगून ठेवते, शेवटी आई जाते त्यात. म्हणून पान तिलाच निवडू दे, तू ठरवू नकोस. ती म्हणाली आज ते नको, तर ते नको.

दुसरं मला सुचतं ते प्रेमचंदांचं 'ईदगाह'. हिंदीत शाळेत होतं बऱ्याच जणांना, त्यामुळे आपण ते लहान मुलांचं म्हणून सोडून देतो. परत वाच. चार-पाच वर्षांचा हामिद, आईबाप गेलेले, पण त्याला सांगितलंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लाच्या घरून छान छान वस्तू आणायला गेलीये, आणि पोरगं त्यावर खूश आहे! खिशात तीन पैसे. महमूदकडे बारा, मोहसिनकडे पंधरा. जत्रेत सगळे मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात, आणि हा लोखंडाच्या दुकानासमोर थांबतो कारण तव्यावरची रोटी काढताना दादीची बोटं भाजतात. दुकानदार चिमट्याचे आधी सहा पैसे म्हणतो, मग पाच म्हणतो, हा म्हणतो तीन देणार का? आणि मग तो चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा टाकून घरी येतो.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. दादी अमीना आधी रागावते! दुपार झाली तरी उपाशी राहिलास आणि आणलंस काय तर हा चिमटा. मग तो म्हणतो की तुझी बोटं भाजायची ना. आणि मग ती रडते. तुझ्या तीन पुस्तकांवर ताई रागावली ती अमीनासारखी नाही हं, उगीच खूश होऊ नकोस. हामिदने बोटं बघितली होती. तू कुठल्यातरी वेबसाइटवर 'उभारी देणारी' असं शोधून पहिली तीन मागवलीस, हो की नाही? चिडू नकोस, मीही 27 वर्षं तेच केलं. सध्या ताईची बोटं कुठे भाजतायत ते बघ. हातात सुई असेल तर जाड पुस्तक धरवत नाही. किमोमुळे लक्ष टिकत नाही, दोन पानं वाचली की पहिलं पान विसरतं, आणि जन्मभर वाचणाऱ्या बाईला हे किती लाजिरवाणं वाटत असेल विचार कर, ती कुणाला सांगणारपण नाही. कदाचित त्या होमवर्कचा खरा अर्थ तोच असेल, की मला जमत नाहीये गं.

म्हणून वाचायचं तू. तिच्याच प्रतीतून, तिनेच खुणा केलेलं, रात्री फोनवर किंवा जवळ बसून, दहा मिनिटं, फार तर पंधरा. आणि चुकीचं वाच थोडं. मुद्दाम नको, पण तुझे उच्चार, तुझे विराम ती सुधारणारच, सुधारू दे. तोंडात फोड आले असतील तर तिला जास्त बोलवणार नाही, मग नुसती मान हलवेल. तिला हसायचं असेल तर पुलंचं 'व्यक्ती आणि वल्ली' आहे, एकेक माणूस एका बैठकीत संपतो, मागचं आठवायला लागत नाही, आणि मास्तरणीला चितळे मास्तर कधीही चालतात. आणि लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', त्यातलं कुठलंही पान. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली तिने हे लिहिलंय, वडिलांचं सोवळ्याचं वेड, घरात आहे ते दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा कवी नवरा, त्याने धर्म बदलला म्हणून काही वर्षं दोघांची ताटातूट, परत एकत्र येणं, आणि हे सगळं सांगताना बाई स्वतःची कीव करत नाही, उलट खुसखुसत असते. माझ्या मते प्रेमावर मराठीत याहून मोठं पुस्तक नाही आणि त्यात प्रेम हा शब्द शोधत बसावा लागतो.

आता काय देऊ नकोस ते. तुला कुणीतरी ओ. हेन्री ह्या अमेरिकन लेखकाची ती शेवटच्या पानाची गोष्ट नक्की सुचवेल. न्यूमोनिया झालेली मुलगी खिडकीतून वेलीची पानं मोजत बसते, शेवटचं गळलं की मी जाणार म्हणते, आणि म्हातारा चित्रकार रात्रीच्या वादळात भिंतीवर पान रंगवतो, मुलगी जगते. सुंदर आहे गोष्ट, माझी आवडती आहे, पण ताईला नको. कारण त्यात म्हातारा मरतो ना, त्याच पावसात भिजून. निरोगी माणूस पान बघतं, आजारी माणूस म्हातारा बघतं. माझ्या पानासाठी कोण भिजतंय, दाजींचा पीएफ किती उरला, धाकटी किती रजा टाकतेय, हे तिच्या डोक्यात रात्रंदिवस चालू असणार, त्यात ही भर नको. त्याचीच दुसरी, केस विकून नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेणारी बायको आणि घड्याळ विकून तिच्या केसांना कंगवे आणणारा नवरा, ती एरवी दिली असती मी. 1905 ची गोष्ट, बाईकडे शिल्लक 1 डॉलर 87 सेंट. पण किमो चालू असलेल्या बाईला केसांची आणि कंगव्यांची गोष्ट? नको बाई.

आणि तुझा तो रात्रीचा प्रश्न. मी बरी होईन ना गं.

ह्याच्यासाठी एक पुस्तक आहे पण ते तुझ्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही, तिच्या उशाशी ठेवलंस तर परत होमवर्क होईल. व्हिक्टर फ्रँकल, व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ, ज्यू, नाझींच्या छळछावण्यांमधून जिवंत बाहेर आला आणि 1946 मध्ये त्याचं पुस्तक आलं. मराठीत 'अर्थाच्या शोधात' नावाने मिळतं. त्यात दोन जागा बघ. एक, पहाटे थंडीत मजुरीला हाकत नेत असताना तो मनातल्या मनात बायकोशी बोलत असतो, ती जिवंत आहे की नाही हे त्याला माहीत नाही, आणि त्या क्षणी त्याला जाणवतं की ती असो नसो, ह्या बोलण्याला फरक पडत नाही. (बायको नव्हती जगली. त्याला सुटकेनंतर कळलं.) दुसरी जागा जास्त महत्त्वाची. 1944 च्या नाताळपासून 1945 च्या नव्या वर्षापर्यंतच्या आठवड्यात छावणीत माणसं एरवीपेक्षा जास्त गेली, आणि तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं, काम वाढलं नव्हतं, अन्न कमी झालं नव्हतं, नवीन साथही नव्हती, लोकांनी मनात धरलं होतं की नाताळला घरी असू, आणि नाताळ उलटून गेला. आणि एकाला तर स्वप्न पडलं होतं की 30 मार्चला आपली सुटका. 29 ला ताप चढला, 31 ला गेला.

म्हणून तू तारीख देऊ नकोस. 'दिवाळीपर्यंत ठणठणीत होशील बघ', 'पुढचा रिपोर्ट क्लीन येणार, मला माहितीये' असलं काही बोलू नकोस, तुला माहीत नसतं आणि तिला ते कळतं. आणि 'असं बोलायचं नाही हं' म्हणून तिचं तोंडही बंद करू नकोस, सगळ्यात वाईट ते. मग काय म्हणायचं? 'मला माहीत नाही ताई. मलापण भीती वाटते.' एवढं म्हण आणि थांब. पुढे काय बोलायचं ते तीच ठरवेल. माझ्या अनुभवात ह्यानंतर माणसं रडतात तरी नाहीतर चहा मागतात. उपचाराचं जे विचारायचंय ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, कागदावर प्रश्न लिहून न्या, तिथे मावशीचा सल्ला चालत नाही.

आशा म्हणशील तर ती मला अशा छोट्या ठिकाणीच दिसलीये. वाचनालयात एक आजोबा यायचे, खूप थकलेले, सून हात धरून आणायची. ते नेहमी दोन खंडांतलं पुस्तक न्यायचे, आणि एका वेळी पहिलाच खंड. मी एकदा म्हटलं दोन्ही न्या की, खेप वाचेल. तर म्हणाले, नको, दुसरा राहू द्या तुमच्याकडे. मी शिक्का मारला तारखेच्या चिठ्ठीवर, काय बोलणार? तर तूपण रोज रात्री गोष्ट पूर्ण संपवू नकोस. 'अर्धी उरलीये, उद्या' म्हण आणि फोन ठेव.

दाजींचं म्हणशील तर ते बरोबरच बोलतायत आणि तू त्यांच्यावर चिडू नकोस, बिलं भरणारा माणूस एकटा पडतो घरात. पाकीट द्यायचंच, पण ताईच्या वाढदिवसाला तिच्या हातात नाही. दाजींना वेगळं गाठून दे, किंवा सरळ औषधाच्या दुकानातलं खातं भरून ये आणि गप्प बस. वाढदिवसाच्या दिवशी औक्षण कर, गोड काय खाववेल ते विचारून कर, कारण किमोत चव जाते, लाडाने केलेली बासुंदीसुद्धा पत्र्यासारखी लागू शकते, आणि मग तिला वाईट वाटतं की धाकटीने एवढं आटवलं. त्यापेक्षा विचारलेलं बरं.

ती तीन पुस्तकं उचल तिथून आणि तिला सांगूनच उचल, 'होमवर्क परत नेतेय बाई' म्हण. हसली तर बरंच. जवळच्या वाचनालयात देऊन टाक, तिथे कुणीतरी येईल उभारी देणारं मागायला.

आणि ती जर म्हणाली, माझं पुस्तक कशाला पाहिजे तुला आत्ताच, मी काय मरतेय का? म्हणेल हं, मास्तरीण आहे. तर घाबरून शब्द फिरवू नकोस. म्हण, देऊन टाकू नकोस, उसनं दे, पुढच्या वाढदिवसाला परत करते. आणि पहिल्या पानावर तिच्या अक्षरात तारीख घालून घे. तारीख द्यायची नाही म्हटलं ना मी मघाशी? ही चालते.

कुठलं पुस्तक निघालं ते मात्र मला कळव. श्याम निघाला तर मी पैज जिंकले.

– तुझी मावशी